विमानविद्येचें उच्च शिक्षण

मुलानें किंवा मुलीनें अभियांत्रिकीची पहिली पदवी घेतली, कीं घरांत ‘आतां पुढें काय?’ या प्रश्नाची चर्चा सुरू होते. नोकरी, व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, संगणकविद्या, परदेशगमन हे नेहमींचे मार्ग सर्वांच्या परिचयाचे असतात. परंतु एखादें अपत्य ‘मला विमानविद्येंतच पुढें शिकावयाचें आहे’ असें म्हणालें, म्हणजे वडील मंडळींची थोडी पंचाईत होते. कोणी कौतुकानें म्हणतात, ‘वा! आमचा बाळ आतां अग्निबाण उडविणार!’ कोणी चिंतेनें विचारतात, ‘तें सगळें खरें, पण पोटापाण्याचें काय?’ आमच्या मतें या दोन्ही उद्गारांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. हें शिक्षण म्हणजे नेमकें काय, तेथें विद्यार्थी सकाळपासून रात्रीपर्यंत करतो काय, आणि अखेरीस त्याच्या पदरांत काय पडतें, याची नीट माहिती आपल्या घरांत नसते. तिच्यावांचून कौतुकही पोकळ ठरतें आणि चिंताही अनाठायीं ठरते. म्हणून या विद्येचें स्वरूप, तिची गुरुपरंपरा आणि तिचा खर्च या तिहींचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विमान चालविणें निराळें, विमान जाणणें निराळें

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमानविद्येंत उच्च पदवी घेणारा विद्यार्थी विमान चालवावयास शिकत नाहीं. वैमानिकाचें शिक्षण अगदीं स्वतंत्र आहे व त्याच्या परीक्षाही निराळ्या आहेत. आपल्या विद्यार्थ्याचा संबंध विमान हवेंत कां तरंगतें, किती भार सोसतें, कशाच्या बळावर पुढें जातें आणि वाऱ्याच्या झोतानें डळमळलें असतां पुन्हां कसें सावरतें, या प्रश्नांशीं असतो. यांपैकीं प्रत्येक प्रश्नाचें एकेक शास्त्र बनलें आहे. हवेच्या प्रवाहाचें शास्त्र ती वायुगतिकी. पंख, धड व त्यांचे सांधे यांच्या बळकटीचें तें संरचनाशास्त्र. इंजिनें आणि अग्निबाण यांचें तें प्रणोदनशास्त्र. आणि समतोल राखण्याचें व दिशा बदलण्याचें तें उड्डाण व नियंत्रण यांचें शास्त्र. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर जाणाऱ्या यानांचाही विचार यांत येऊं लागल्यापासून या सर्वांस मिळून ‘एरोस्पेस’ असें व्यापक नांव पडलें आहे. पहिल्या पदवीच्या वेळीं विद्यार्थी या सर्व शाखांची तोंडओळख करून घेतो. उच्च पदवीच्या वेळीं त्यांतील एकच धरावी लागते, आणि त्या शाखेंतीलही एकच लहानसा प्रश्न.

हा प्रश्न किती लहान आणि तरीही किती खोल असतो, याची कल्पना येण्यासाठीं वाचकांनीं आपल्या घरांतील छताच्या पंख्याकडे पाहावें. पंखा मिनिटास शेंकडों फेरे घेतो, तरी महिन्याभरानें त्याच्या पात्यांवर धूळ बसलेली दिसतेच. एवढ्या वेगानें फिरणाऱ्या पात्यावरील धूळ वाऱ्यानें उडून कां जात नाहीं? कारण पात्यास अगदीं चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. धुळीच्या कणापुरता तेथें वारा असा नसतोच. पृष्ठापासून दूर जावें तसतसा वाऱ्याचा जोर जाणवूं लागतो. नदीच्या कांठाशीं पाणी संथ आणि मध्यें धार, हा अनुभव कृष्णाकांठच्या कोणत्याही पोहणाऱ्यास आहे, प्रकार तोच. पृष्ठालगतच्या या पातळ थरास ‘सीमास्तर’ असें म्हणतात. लुडविग प्रांटल या जर्मन प्राध्यापकानें १९०४ सालीं हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेंत एक छोटासा निबंध वाचला. वाहत्या हवेचें घर्षण आपला प्रभाव मुख्यतः या पातळ थरांत दाखवितें, थराबाहेर त्याकडे दुर्लक्ष केलें तरी चालतें, हें त्यानें त्यांत दाखवून दिलें. निबंध अवघ्या कांहीं पानांचा. परंतु त्यानें आधुनिक वायुगतिकीचा पाया घातला. विमानास हवेचा रोध किती होईल, कोणत्या क्षणीं पंखावरील प्रवाह सुटून विमानाचा आधार नाहींसा होईल, याचें गणित त्या थराच्या ज्ञानावांचून नीट मांडतां येत नाहीं. त्या पातळशा थरावर गेलीं शंभराहून अधिक वर्षें देशोदेशींचे विद्वान् आपलें आयुष्य वेंचीत आले आहेत. उच्च शिक्षण म्हणजे अशा एखाद्या थरापाशीं जाऊन बसणें आणि त्याचा पिच्छा पुरविणें होय.

गोटिंगेनपासून बंगळूरपर्यंत

विद्या गुरुमुखांतून घ्यावी असें आपल्याकडे म्हणतात. विमानविद्येच्या बाबतींत हें वचन अक्षरशः खरें आहे. प्रांटल हे गोटिंगेन येथील विद्यापीठांत अध्यापन करीत. त्यांच्या हाताखालीं १९०८ सालीं डॉक्टर झालेले थिओडोर फॉन कार्मान हे पुढें अमेरिकेस गेले आणि १९३० सालीं पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विमानविद्येच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्याच गोटिंगेनमध्यें, त्याच प्रांटल यांच्यापाशीं, एक मराठी तरुण शिकून आला, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या घरांत ठाऊक आहे. त्यांचें नांव विष्णु माधव घाटगे.

घाटगे १९०८ सालीं कोल्हापूरकडे जन्मले. मुंबईस विज्ञानाचें शिक्षण घेऊन ते जर्मनीस गेले आणि १९३६ सालीं डॉक्टरेट मिळवून परत आले. त्या काळीं आपल्या देशांत या विद्येस विचारतो कोण अशी स्थिति होती. विमानें येत तीं परदेशांतून. त्यांची दुरुस्ती करणारे हात आपले असत, परंतु त्यांची आंखणी करणारी बुद्धि आपली नसे. १९४० च्या डिसेंबरांत सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली, आणि घाटगे यांच्या विद्येस क्षेत्र मिळालें. पुढें दोनच वर्षांनीं, १९४२ सालीं, त्याच शहरांतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें विमानविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभींच्या उभारणींत घाटगे यांचा मोठा वांटा होता. कारखाना आणि विद्यालय अशीं एका गांवांत नांदूं लागल्यामुळें, एकांत उपस्थित झालेला प्रश्न दुसऱ्यांत सोडवावा, असा क्रम पडण्यास अनुकूल परिस्थिति निर्माण झाली. घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं आंखलेलें ‘एच. टी. २’ हें दोन आसनांचें शिकाऊ विमान १९५१ सालीं प्रथम आकाशांत गेलें. भारतांतच कल्पिलेलें आणि भारतांतच बांधलेलें असें तें पहिलें विमान. आपल्या हवाईदलाच्या अनेक वैमानिकांनीं त्यावर उड्डाणाचे पहिले धडे घेतले. जर्मनींतील अभ्यासिकेंत मिळविलेली पदवी पंधरा वर्षांनीं अशी फळास आली. हीं मधलीं पंधरा वर्षें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. कारण या विद्येंत लवकर फळ मागणाऱ्याची निराशाच होते.

एका प्रबंधाची गोष्ट

पीएच्. डी.चा प्रबंध म्हणजे कांहीं तरी अगम्य, जाडजूड पुस्तक, अशी बहुतेकांची समजूत असते. त्याचें खरें स्वरूप समजण्यास सतीश धवन यांच्या प्रबंधासारखें उदाहरण नाहीं.

धवन यांचा जन्म १९२० सालचा, श्रीनगरचा. लाहोर येथें त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान यांची पदवी घेतली, इंग्रजी वाङ्मयांत एम्. ए. केलें, आणि नंतर १९४५ सालीं यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. असे तीन निरनिराळे अभ्यास करणाऱ्या मुलास आपल्या घरांतून ‘याचें चित्त ठिकाणावर नाहीं’ असें प्रशस्तिपत्र खास मिळालें असतें! पुढें अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत १९४७ सालीं त्यांनीं विमानविद्येची उच्च पदवी घेतली आणि तेथून ते पॅसाडीनास कार्मान यांनीं वाढविलेल्या प्रयोगशाळेंत गेले. तेथें हान्स लिपमन हे त्यांना मार्गदर्शक लाभले.

धवन यांचा प्रश्न ऐकावयास सोपा होता : सपाट पत्र्यावरून हवा वेगानें वाहत असतां ती त्या पत्र्यास किती जोरानें ओढते? ही ओढ म्हणजे पूर्वीं सांगितलेल्या सीमास्तराचें घर्षण. तोंवर ती बहुधा आडवाटेनें, म्हणजे हवेचा वेग निरनिराळ्या उंचीवर मोजून व त्यावरून गणित मांडून, काढीत असत. धवन यांनीं ती प्रत्यक्ष मोजावयाचें ठरविलें. पत्र्याचा एक लहानसा भाग त्यांनीं बाकीच्या पत्र्यापासून अगदीं बारीक फट ठेवून सुटा केला आणि तो नाजुक लवचीक पट्ट्यांवर असा तोलून धरला, कीं हवेनें त्यास ओढतांच तो किंचित् सरकावा. तें सरकणें विजेच्या उपकरणानें मोजावयाचें. फट थोडी मोठी झाली कीं हवा तींत शिरून माप बिघडावयाचें. सुटा तुकडा कणभर वर राहिला तरी प्रवाह विसकटावयाचा. अशा अडचणींतून वाट काढीत त्यांनीं ध्वनीपेक्षां मंद आणि ध्वनीपेक्षां शीघ्र अशा दोन्ही प्रकारच्या प्रवाहांत तें घर्षण मोजून दाखविलें, आणि १९५१ सालीं त्यांस पीएच्. डी. मिळाली. विमान नाहीं, अग्निबाण नाहीं. पत्र्याचा एक तुकडा, आणि त्यावर वर्षानुवर्षांची एकाग्र दृष्टि.

त्याच वर्षीं धवन मायदेशीं येऊन बंगळूरच्या संस्थेंत रुजू झाले. १९५५ सालीं विमानविद्या विभागाचे प्रमुख झाले. १९६२ ते १९८१ पर्यंत संस्थेचे संचालक होते. आणि १९७२ ते १९८४ या काळांत त्यांनीं भारतीय अवकाश संशोधन संस्थेचें, म्हणजे इस्रोचें, अध्यक्षपदही सांभाळलें. आज श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणकेंद्रास त्यांचें नांव आहे. पण आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची शिष्यपरंपरा. बंगळूरास त्यांच्यापाशीं शिकलेले रोद्दम नरसिंह यांच्यासमवेत लिहिलेला सीमास्तराविषयींचा त्यांचा निबंध १९५८ सालीं इंग्लंडांतील मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शांतपणें वाहणारा थर खळबळता कसा होतो, हा त्या निबंधाचा विषय. नरसिंह पुढें लिपमन यांच्याचकडे जाऊन १९६१ सालीं पीएच्. डी. झाले, आणि तेही परत आले. प्रांटल, कार्मान, लिपमन, धवन, नरसिंह अशी ही मालिका पाहिली, म्हणजे ‘कोणत्या विद्यापीठांत?’ या प्रश्नाच्या आधीं ‘कोणाच्या हाताखालीं?’ हा प्रश्न कां विचारावा, हें निराळें सांगण्याची गरज उरत नाहीं.

दोन वर्षें आणि पांच वर्षें

आतां प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडे वळूं. आपल्या देशांत बंगळूरची वरील संस्था, पवई येथील मुंबईची आय. आय. टी., तसेंच मद्रास, कानपूर व खरगपूर येथील आय. आय. टी. या ठिकाणीं या विषयाचे विभाग आहेत. बहुतेक ठिकाणीं ‘गेट’ या परीक्षेंतील गुणांवरून एम्. टेक्.चा प्रवेश होतो. या परीक्षेस एरोस्पेसची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तथापि यंत्र-अभियांत्रिकीच्या पदवीधरांसही या विभागांचीं दारें बहुधा खुलीं असतात. एम्. टेक्.चीं वर्षें दोन. पहिल्या वर्षीं गणित, वायुगतिकी, संरचना, प्रणोदन वगैरे विषय कसून शिकविले जातात. दुसऱ्या वर्षीं एका प्राध्यापकाच्या हाताखालीं एक लहान प्रकल्प पुरा करावयाचा असतो.

पीएच्. डी.चा मार्ग लांबचा. चार-पांच वर्षें तरी धरावीं. कित्येकांस त्याहून अधिक लागतात. आरंभीं कांहीं विषय शिकावयाचे, मग एक कठीण सर्वंकष परीक्षा द्यावयाची, आणि त्यानंतर खरें काम. प्रयोग करणारा विद्यार्थी वाऱ्याच्या बोगद्यांत, म्हणजे जेथें पंख्यानें किंवा दाबून भरलेल्या हवेनें प्रचंड वारा निर्माण करतात अशा नळकांड्यांत, विमानाची लहान प्रतिकृति बसवून मापें घेतो. महिनाभर खपून तयार केलेली प्रतिकृति, आणि वारा वाहावयाचा कांहीं सेकंद. तेवढ्यांत एक तार सुटली तर सारें पुन्हां पहिल्यापासून! गणिती काम करणारा विद्यार्थी हवेच्या प्रवाहाचे लक्षावधि बारीक चौकोन पाडून प्रत्येकाचें समीकरण संगणकाकडून सोडवून घेतो. उत्तर यावयास कधीं कधीं कित्येक दिवस लागतात, आणि आलेलें उत्तर निसर्गाशीं जुळेलच असें नाहीं. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं बहुतेक विद्यार्थ्यांस एक खिन्नता येते. बरोबरचे मित्र पगारदार होऊन घरें घेत असतात, आणि याचा आलेख कांहीं केल्या सरळ येत नसतो. अशा वेळीं घरून ‘अजून किती दिवस?’ असें दर फोनला विचारणें म्हणजे बुडत्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबण्यासारखें आहे. घरच्यांनीं प्रबंधाची तारीख विचारूं नये. या आठवड्यांत काय पाहिलें, हें विचारावें. आई-वडिलांस तें सांगतां सांगतां स्वतःचा गुंता सुटला, असें पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतींत घडतें.

सत्याचा कस

या शिक्षणाचा एक लाभ पगाराच्या आंकड्यांत मावत नाहीं. आपल्या घरांत पुष्पक विमानाच्या कथा लहानपणापासून ऐकिवांत असतात, आणि त्यांचा गोडवा आम्हांसही आहे. परंतु प्राचीन काळीं विमानें बांधण्याचें पूर्ण शास्त्र होतें, असें सांगून ‘वैमानिकशास्त्र’ नांवाचा एक संस्कृत ग्रंथ पुढें केला जातो, तेव्हां काय करावें? बंगळूरच्या संस्थेंतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु व गोविंदराजु या अभ्यासकांनीं १९७४ सालीं तें केलें. त्यांनीं ग्रंथाची थट्टा केली नाहीं, कीं अभिमानानें डोळे मिटून घेतले नाहींत. त्यांनीं त्याची भाषा तपासली, त्याच्या उत्पत्तीची माहिती काढली, त्यांतील आकृत्यांस विज्ञानाचीं मापें लावलीं आणि निष्कर्ष मांडला : ग्रंथ १९०४ सालापूर्वींचा ठरत नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं यानें उडण्याजोगीं नाहींत. पूर्वजांच्या खऱ्या थोरवीस यानें तिळमात्र उणेपणा येत नाहीं. खोट्या नाण्यामुळें खऱ्या नाण्याविषयीं संशय उत्पन्न होतो, तो मात्र टळतो. आवडतें मतही मोजून घ्यावयाचें, हा संस्कार उच्च शिक्षणाचा आत्मा आहे. विमानविद्येंत तर तो प्राणांशींच संबद्ध आहे, कारण चुकीच्या मापाची किंमत शेवटीं विमानांत बसलेला मनुष्य मोजतो.

मुलींचा प्रश्न

‘हें मुलींचें क्षेत्र नव्हे’ असें अजूनही कोठें कोठें कानांवर येतें. इतिहास याच्या उलट सांगतो. गोटिंगेनमध्यें प्रांटल यांच्याच संस्थेंत इर्मगार्ड लोट्स या विदुषीनें १९३१ सालीं विमानाच्या पंखावर उचल कशी विभागली जाते हें काढण्याची सुटसुटीत पद्धति प्रसिद्ध केली. पुढें फ्ल्युगे-लोट्स या नांवानें त्या अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत होत्या. पति तेथें प्राध्यापक असल्यामुळें त्यांस कित्येक वर्षें व्याख्यातीच्याच पदावर राहावें लागलें. १९६० च्या सुमारास त्या तेथील अभियांत्रिकीच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. आपल्याकडील कर्नालच्या कल्पना चावला यांनीं चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजांतून १९८२ सालीं विमानविद्येची पदवी घेतली, टेक्सस विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेंतून १९८४ सालीं उच्च पदवी आणि कोलोरॅडो विद्यापीठांतून १९८८ सालीं डॉक्टरेट मिळविली. १९९७ सालीं त्या अवकाशांत गेल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. २००३ सालीं परततांना यान भंगून त्यांचा अंत झाला, हेंही कोणी विसरलें नाहीं. त्या अंतराळवीर होण्यापूर्वीं अनेक वर्षें हवेच्या प्रवाहाचें गणित करणाऱ्या संशोधिका होत्या, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. मुलींस त्यांची तसबीर दाखवितांना ही गोष्टही सांगावी, अशी आमची वाचकभगिनींस विनंति आहे.

खर्च, देश आणि कायदा

आतां व्यवहाराकडे येऊं. आपल्या देशांत पीएच्. डी.च्या विद्यार्थ्याचा भार घरावर फारसा पडत नाहीं. सरकारी विद्यावेतनाचे दर २०२३ सालीं वाढले, तेव्हां तें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये असें ठरलें. अमेरिकेंत पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यास, त्यानें अध्यापनांत किंवा संशोधनांत साह्य करावें या बोलीवर, शुल्काची माफी आणि निर्वाहापुरतें वेतन बहुधा मिळतें. परंतु तेथील ‘मास्टर्स’ पदवीचा खर्च बहुतेक विद्यार्थ्यांस स्वतःच करावा लागतो, आणि तो आपल्या रुपयांत फार मोठा होतो. घर गहाण टाकून पाल्यास पाठविणाऱ्या पालकांनीं हा भेद नीट समजून घ्यावा. जर्मनींतील पुष्कळ सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र असतें. कांहीं ठिकाणीं मात्र युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांकडून तें घेतलें जातें. हॉलंडमधील डेल्फ्ट आणि फ्रान्समधील तुलूझ हीं या विद्येचीं नांवाजलेलीं पीठें आहेत.

येथें एक गोष्ट आम्हांस विशेष जोर देऊन सांगावयाची आहे, कारण कर्ज काढून झाल्यावर ती कळली तर उपयोग नाहीं. अमेरिकेंत ‘इटार’ या संक्षिप्त नांवाचे शस्त्रास्त्रविषयक नियम आहेत. त्यांप्रमाणें अग्निबाण, लष्करी विमानें व कांहीं प्रकारचीं अवकाशयानें यांचें तांत्रिक ज्ञान परकीयास, तो अमेरिकेंतच राहत असला तरीही, सरकारी परवान्यावांचून देतां येत नाहीं. यामुळें तेथील कित्येक नामांकित कंपन्या नागरिक किंवा कायमचे रहिवासी यांनाच नोकरीस घेतात. प्रसिद्ध करण्यासाठीं केलेलें विद्यापीठांतील मूलभूत संशोधन बहुतांशीं यांतून मोकळें असतें. म्हणून शिकण्यास अडचण येत नाहीं, परंतु शिकून झाल्यावर ज्या कारखान्याचें चित्र भिंतीवर लावलें होतें त्याचेंच दार बंद आढळतें. अशा विद्यार्थ्यांची विद्या वायां जाते असें नाहीं. मोटारी, पवनचक्क्या, वायुचक्की-इंजिनें, इतकेंच नव्हे तर शरीरांतील रक्ताचा प्रवाह, या सर्व ठिकाणीं तेंच गणित लागतें. मात्र हें आधीं ठाऊक असून गेलेला विद्यार्थी आणि तेथें गेल्यावर ठेंच लागलेला विद्यार्थी, यांच्या मनःस्थितींत फार अंतर असतें.

इकडे मायदेशींची स्थितीही पूर्वींची राहिलेली नाहीं. इस्रो, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, राष्ट्रीय वायु-अवकाश प्रयोगशाळा आणि संरक्षणखात्याच्या प्रयोगशाळा ह्याच काय त्या पूर्वीं आश्रय देणाऱ्या संस्था होत्या. २०२० सालीं सरकारनें अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांस खुलें केलें. २०२२ च्या नोव्हेंबरांत हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा, आणि २०२४ च्या मे महिन्यांत अग्निकुल कंपनीचा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. यांतील अग्निकुल ही मद्रासच्या आय. आय. टी.च्या आश्रयानें वाढलेली आहे, हें येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. विद्यालयाच्या शेजारीं कारखाना, हा बंगळूरचा जुना क्रम पुन्हां नव्या रूपानें दिसूं लागला आहे.

निवड कशी करावी

एवढें पाहिल्यावर आमचा सल्ला थोडक्यांत असा. आधीं प्रश्न निवडावा, मग गुरु, मग विद्यापीठ आणि सर्वांत शेवटीं देश. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो : आधीं अमेरिका ठरते, मग विद्यापीठांची क्रमवारी पाहिली जाते, मग ज्यानें पत्रास उत्तर दिलें तो गुरु, आणि त्यानें दिला तो प्रश्न! विद्यार्थ्यानें ज्यांच्या हाताखालीं जावयाचें त्यांचे दोन-चार निबंध तरी वाचावेत. ते सर्व समजले नाहींत तरी चालेल, परंतु वाचतांना कुतूहल वाढलें कीं कंटाळा आला, हें प्रामाणिकपणें पाहावें. त्या प्राध्यापकांचे पूर्वींचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज काय करतात, याची चौकशी करावी. शक्य तर त्यांतील एखाद्यास नम्रपणें पत्र लिहावें. वधूवरांची चौकशी आपण चार घरीं करतों; पांच वर्षांच्या गुरूची चौकशी करावयास संकोच कां वाटावा?

आणि ज्यास मोजण्याची आवड नाहीं, वाट पाहण्याची तयारी नाहीं, त्यानें केवळ पदवीच्या मोहानें या वाटेस जाऊं नये. पुढें राष्ट्रपति झालेले अब्दुल कलाम मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें विमानविद्येचें शिक्षण घेऊन थेट कामास लागले. प्रबंध लिहीत बसले नाहींत, आणि त्यांच्या हातून देशाचा उपग्रहवाहक अग्निबाण घडला. कारखान्यांत शिकणारा हातही विद्वानच असतो.

ज्यास मात्र या विद्येची खरी ओढ आहे, त्याच्यासाठीं पवईचें एक उदाहरण देऊन हा लेख आम्ही संपवितों. तेथील विद्यार्थ्यांनीं २००७ च्या सुमारास ‘प्रथम’ नांवाचा दहा किलोच्या आसपास वजनाचा एक लहानसा उपग्रह बांधण्यास घेतला. तो अवकाशांत गेला २०१६ च्या सप्टेंबरांत. मधल्या काळांत ज्यांनीं आरंभ केला ते पदवी घेऊन गेले; त्यांच्या मागून आलेल्यांनीं त्यांच्या वह्या उघडल्या, चुका दुरुस्त केल्या, आणि काम पुढच्यांच्या हातीं दिलें. आपला मुलगा किंवा मुलगी या वाटेनें जाऊं म्हणत असेल, तर तिला कर्जाचे आंकडे स्पष्ट सांगावे, कायद्याची अडचण स्पष्ट सांगावी, गुरूची चौकशी करण्यास साह्य करावें. आणि एवढें करूनही ती जाते म्हणाली, तर पांच वर्षें निश्चिंतपणें काम करूं द्यावें.